खुबे की आणखी काही? गोव्यातले शिंपले ओळखायला आयनॅचरलिस्ट कितपत कामाचं

आधी निकाल. आयनॅचरलिस्ट हे ॲप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि किनाऱ्यावर सापडलेल्या शिंपल्याची तारीख, ठिकाण, फोटो यांसह नोंद ठेवायला ते फार चांगलं आहे. पण कंगोरेदार शिंपल्याचा फोटो टाकल्यावर मशीन जे पहिलं नाव पुढे करतं, ते जाती म्हणून स्वीकारू नका. कुल बहुधा बरोबर येतं, प्रजाती बऱ्याचदा येते. जाती ठरते ती शिंपला उलटा करून बिजागरी पाहिल्यावर आणि कंगोरे मोजल्यावर, आणि ते काम तुम्हालाच करावं लागतं. नोंदवही म्हणून ॲपला पाचपैकी साडेचार. खुब्यांसारख्या शिंपल्यांत मशीनच्या ओळखीला दोन. माणसांकडून मिळणाऱ्या ओळखीला चार, पण थांबायची तयारी असेल तरच.

एक खुलासा. इथे मराठी विज्ञानलेखनाच्या रीतीप्रमाणे प्रजाती (इंग्रजीत जीनस) हा वरचा गट आणि जाती (स्पीशीज) त्याच्या पोटातली. कुल (फॅमिली) प्रजातीच्याही वर. हल्ली बातम्यांत हे शब्द उलटसुलट वापरतात आणि शिंपल्यांच्या बाबतीत तो घोळ महागात पडतो.

ॲपची पार्श्वभूमी थोडक्यात अशी: २००८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरुवात, २०१४ पासून कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या छत्राखाली, २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था. मृदुकाय प्राण्यांच्या नावांसाठी ते मोलस्काबेस आणि वर्म्स या जागतिक सूचींचा आधार घेतं. शिंपलेवाल्यांना हे सोयीचं आहे, कारण या प्राण्यांची नावं वारंवार बदलली आहेत. ज्याला इंग्रजीत ब्लड कॉकल म्हणतात, त्याला लिनियसने १७५८ मध्ये आर्का ग्रॅनोसा म्हटलं, पुढे तो अनाडारा ग्रॅनोसा झाला आणि आता टेगिलार्का ग्रॅनोसा आहे. मत्स्यविज्ञानाच्या जुन्या अहवालात अनाडारा दिसलं आणि ॲपमध्ये टेगिलार्का, तर दोन वेगळे प्राणी समजू नका.

गोव्यात पहिली अडचण ॲपच्याही आधी, बाजारात येते. पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या मासळी बाजारात वाट्यावर बसलेली बाई ‘तिसऱ्यो’, ‘खुबे’, ‘शिनाणे’ ही नावं अचूक वापरते, पण ती स्वयंपाकाच्या दृष्टीने अचूक असतात. शिनाण्यांचा प्रश्न नाही, ते म्हणजे इंग्रजीतले ग्रीन मसल, लांबट आणि गुळगुळीत. तिसऱ्या म्हणजे बहुधा मेरेट्रिक्स कास्टा किंवा पाफिया मलबारिका. पहिली तिकोनी, जाड आणि गुळगुळीत, दुसरीवर कडेला समांतर जाणाऱ्या बारीक आडव्या वळ्या. खुबे हा शब्द मात्र एका जातीला चिकटलेला नाही. कुठे तो खाडीतल्या काळ्या सालीच्या शिंपल्याला, म्हणजे व्हिलोरिटा सायप्रिनॉइडीसला लावतात, तर कुठे उभ्या कंगोऱ्यांच्या गोलसर शिंपल्याला. म्हणून ‘खुबे’ हे नाव नोंदीच्या टिपणात जरूर लिहा, कुठल्या गावात कोण तसं म्हणतं तेही लिहा, पण त्यावरून जाती ठरवू नका. ॲपमध्ये कुठल्याही जातीला स्थानिक भाषेतलं नाव जोडता येतं. ही सोय छान आहे, पण घाईत चुकीच्या जातीला खुबे चिकटवलं की ते नाव पुढच्या प्रत्येकाला दिसत राहतं. इथे हात आखडता घ्यावा.

कॉकल म्हणून जे शिंपले पुढे येतात, ते निदान दोन अगदी वेगळ्या कुलांतले असतात. एक कार्डिडी, हे खरे कॉकल. दुसरं आर्सिडी, यात ब्लड कॉकल येतो. तिसरं कार्डिटिडी, जे कॉकल नव्हेच, पण ठसठशीत कंगोऱ्यांमुळे फोटोत हमखास फसवतं. बाहेरून तिन्ही पांढरे-तपकिरी, फुगीर, उभ्या धारांचे. मशीन बाहेरचं रूप पाहतं आणि तिथेच गोंधळतं. शिंपला उलटा करा, दहा सेकंदांत निकाल लागतो.

आर्सिडीची बिजागरी सरळ रेषेत असते आणि तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक दातांची रांग असते, फणीसारखी. दोन्ही झडपा, म्हणजे शिंपल्याचे दोन अर्धे भाग, जोडलेल्या असतील तर दोन शेंड्यांच्या, म्हणजे बिजागरीजवळच्या फुगीर टोकांच्या, मधे एक चपटी, शंकरपाळ्याच्या आकाराची जागा दिसते. तिच्यावर काळसर लवचीक पट्टा चिकटलेला असतो, निदान त्याच्या खुणा असतात. कार्डिडीची बिजागरी वळणदार. शेंड्याच्या बरोबर खाली दोन निमुळते दात, आणि तिथून अंतर सोडून पुढे-मागे बाजूचे दात. फणी नाही. अखंड जोडी कडेकडून पाहिली तर हृदयाची आकृती दिसते, कार्डियम हे नाव त्यावरूनच आलं. कार्डिटिडीत शिंपला जाड आणि लांबट, शेंडा एका टोकाकडे सरकलेला, आणि बिजागरीवर मोजकेच जाड दात तिरपे पसरलेले. गोव्याच्या वाळूत लाटांनी घासलेली एकटी झडप सापडते, तेव्हा हा तिसरा पर्याय आधी तपासून बाजूला काढावा. बरेच ‘खुबे’ इथेच गळतात.

तिसऱ्यांशी गल्लत उरली असेल तर आतल्या बाजूला पाहा. स्नायूंच्या दोन ठशांना जोडणारी एक पुसट रेषा कडेला समांतर जाते. तिसऱ्यांच्या कुलात ती मागच्या बाजूला आत वळून खाच करते. कार्डिडी आणि आर्सिडीत ही खाच नसते, रेषा सरळ पुढे जाते. कोरडा शिंपला तिरप्या उजेडात धरला की ती दिसते, ओल्या शिंपल्यात चमक तिला झाकते.

कुल ठरलं की कंगोरे. आर्सिडीत मोजणीला खरी किंमत आहे. टेगिलार्का ग्रॅनोसामध्ये कंगोरे साधारण १५ ते २० असतात, १८ च्या आसपास जास्त, ते रुंद असतात आणि प्रत्येकावर ठळक गाठी असतात. ग्रॅनोसा म्हणजे दाणेदार, नाव त्याच गाठींवरून. टेगिलार्का रॉम्बियामध्ये ते पंचविशीच्या आसपास जातात. अनाडारा प्रजातीतल्या बऱ्याच जातींत तिशी-चाळिशीच्या घरात, आणि काहींमध्ये डावी झडप उजवीपेक्षा किंचित मोठी असल्याने कडेला बाहेर डोकावते. म्हणून जोडी मिळाली तर ती फोडून वेगळी करण्याआधी बंद स्थितीत कडेचा फोटो घ्या. एकदा सुट्या झाल्या की ती खूण गेली.

मोजणीत चूक कशी होते ते सांगायला हवं, कारण ॲपवरच्या वादांत अर्धी भांडणं याचीच असतात. कंगोरे शेंड्याजवळ दाटीने असतात, तिथे मोजू नका, खालच्या कडेवर मोजा. टोकांचे शेवटचे दोन-तीन कंगोरे बुटके असतात आणि सुटतात. शिंपला तिरपा करून तेवढा भाग वेगळा पाहा. दर पाचव्या कंगोऱ्यावर पेन्सिलीने बारीक खूण करा, ती पुसता येते. दोन्ही झडपा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आकडा १९ आणि २१ असा आला तर २० लिहू नका, दोन्ही तसेच लिहा. बाहेरची बाजू घासून सपाट झाली असेल तर आतल्या कडेचे दाते मोजता येतात, कारण कंगोरे कडेला संपतात तिथे आत दाते उमटलेले असतात. हीच गोष्ट गाठींची: कळंगुट-कोलव्याच्या उघड्या वाळूत लोळलेल्या शिंपल्यावर गाठी शिल्लकच नसतात, तेव्हा ‘गाठी नाहीत, म्हणजे ग्रॅनोसा नाही’ हा निष्कर्ष चुकीचा. दोन कंगोऱ्यांमधली खोबण आणि शेंड्याच्या मागचा आडोसा इथे घर्षण कमी पोहोचतं, मूळ नक्षी तिथे शोधा.

कार्डिडीत नुसती मोजणी पुरत नाही, कंगोऱ्यावर काय आहे ते पाहावं लागतं. व्हेप्रिकार्डियममध्ये शिंपला फुगीर आणि पातळ, कंगोऱ्यांवर नाजूक पापुद्रे किंवा काटे. हे पापुद्रे तुटतात, पण त्यांच्या बुडाची रेघ भिंगाखाली राहते. फुल्व्हिया तर कागदासारखा पातळ, कंगोरे ठेंगणे आणि चपटे, उजेडात धरला तर प्रकाश आरपार येतो. व्हॅस्टिकार्डियम उंच, जाड आणि खवल्यांचा. दहापट मोठं दाखवणारं साधं घडीचं भिंग या कामाला पुरतं. वर्नियरही साधा चालतो: लांबी, उंची आणि बंद जोडीची जाडी ही तीन मापं दशांश मिलिमीटरपर्यंत घेतली की झालं, त्याहून बारीक मापाला शिंपल्याच्या दातेरी कडेवर अर्थ नाही.

जाता जाता, कार्डिडी कुलात आता ट्रायडॅक्ना म्हणजे महाकाय शिंपलेही धरले जातात. मशीनने कॉकलच्या यादीत ते दाखवले तर दचकू नका. वर्गीकरण बरोबर आहे, तुमचा चार सेंटिमीटरचा शिंपला मात्र बहुधा तो नव्हे.

आता मशीनकडे. त्याची शिकवणी लोकांनी टाकलेल्या फोटोंवर झाली आहे. ज्या जातीचे पुरेसे फोटो जमलेले नाहीत, ती जाती त्याच्या यादीतच नसते, आणि यादीत नसलेलं नाव ते सुचवू शकत नाही. युरोपच्या किनाऱ्यांवरचा साधा कॉकल, सेरास्टोडर्मा एड्यूल, असंख्य लोकांनी टिपलेला आहे, आपल्या किनाऱ्यावरचे त्या मानाने फार थोड्यांनी. ठिकाण न देता फोटो टाकला तर सेरास्टोडर्मा पुढे येऊ शकतो, आणि तो भारतात राहत नाही, ईशान्य अटलांटिकचा आहे. २०२३ पासून ॲप ठिकाणाचा अंदाज धरून सूचना गाळतं, त्यामुळे आधी नकाशावर जागा लावा, मग सूचना मागा. क्रम उलटा झाला की यादी बिघडते. वरच्या ओळीत ‘या प्रजातीबद्दल खात्री आहे’ अशा अर्थाचं वाक्य आलं तर ती प्रजाती घ्या आणि तिथेच थांबा. खालच्या यादीतल्या जातींच्या नावांवर बोट ठेवायचा मोह होतो, ते टाळा.

दुसरी मर्यादा अशी की संकेतस्थळावर सूचना देताना मशीन पहिला फोटो पाहतं. तुम्ही बिजागरीचा कितीही सुंदर फोटो चौथ्या क्रमांकावर ठेवलात तरी त्या क्षणी त्याचा उपयोग होत नाही. तो फोटो माणसांसाठी आहे. म्हणून पहिला फोटो बाहेरच्या बाजूचा, स्वच्छ, सरळ वरून घेतलेला. बाकीचे पुढच्या क्रमाने: आतली बाजू पूर्ण, बिजागरी जवळून, बंद जोडी शेंड्याकडून, बंद जोडी कडेकडून, आणि कंगोऱ्यांचा जवळचा तुकडा. एकूण सहा. जोडी नसेल तर चार.

फोटो काढताना मोबाइल शिंपल्याच्या अगदी जवळ नेऊ नका. रुंद कोनाची लेन्स जवळून आकार फुगवते आणि मधला भाग आहे त्यापेक्षा जास्त उंच दिसतो. फुगीरपणा ही ओळखीची खूण असल्याने हा दोष इथे खरोखर नडतो. पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून दुप्पट झूमने घ्या आणि नंतर कापा. कापणं अपलोडच्या आधी करा, कारण ॲप मोठा फोटो २०४८ पिक्सेलपर्यंत लहान करून साठवतं. पूर्ण टेबलाचा फोटो टाकलात तर बिजागरीचे दात त्या आकुंचनात नाहीसे होतात आणि मागून कितीही मोठं करून पाहिलं तरी परत येत नाहीत. पांढऱ्या शिंपल्याखाली काळा किंवा गडद निळा कपडा, थेट उन्हाऐवजी व्हरांड्याची सावली, उजेड एका बाजूने. पांढरा रंग जळत असेल तर उजळपणा एक घर खाली आणा. मापासाठी पट्टी सर्वांत बरी. नसेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिमी असतो. रुपया-दोन रुपयांच्या वेगवेगळ्या मालिकांचे आकार वेगळे आहेत, ती नाणी मापाला घेऊ नयेत.

धुणं फक्त गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. ब्लीचमध्ये टाकून चकचकीत करायची घाई नको, कारण बाहेरची तपकिरी साल त्यात निघून जाते आणि काही अनाडारांमध्ये ती साल केसाळ असणं हीच खूण असते. साल असतानाचे फोटो आधी, साफसफाई नंतर, आणि साफ केल्यावरचा फोटो त्याच नोंदीत जोडा. एका नोंदीत एकच जाती असावी हा ॲपचा नियम आहे. मूठभर शिंपले पसरून एक फोटो टाकला की ओळखणाऱ्याला कोणाबद्दल बोलायचं तेच कळत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंची आणखी एक भानगड. पाठवताना फोटोतली तारीख आणि जागा पुसली जाते. मित्राने काढलेला फोटो हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर नोंदीवर फोटो उतरवून घेतल्याची तारीख पडते.

जागेबद्दल ॲप जे मागतं ते काटेकोरपणे द्यायला हवं, आणि गोव्यात त्याला खास कारणं आहेत. शोधपट्टीत नुसतं ‘गोवा’ लिहून पुढे गेलात तर नकाशावर अख्ख्या राज्याभोवती वर्तुळ पडतं. नोंद दिसायला ठीक, अभ्यासाला शून्य. वर्तुळ पन्नास-शंभर मीटरवर आणा. दुसरं, शॅक आणि रेस्टॉरंटं जिथे दाटीने आहेत तिथे वाळूतला शिंपला त्याच समुद्रातला असेल असं धरून चालू नका, तो ताटातून आलेला असू शकतो. शिजलेल्या जोड्या ताणून उघडलेल्या असतात, आतला भाग निस्तेज, आणि एकाच मापाच्या तिसऱ्या-खुब्यांची रास एका ठिकाणी सापडते. भरतीने आणलेला कचरा असा निवडक नसतो. वाळलेलं शेवाळ, किड्यांनी पोखरलेली भोकं, वेगवेगळ्या वयाचे तुकडे हे नैसर्गिक राशीचं लक्षण. तिसरं, बाजारातून घेतलेल्या शिंपल्याला बाजाराची जागा लावणं चूक. तो कुठून आला ते विक्रेतीला विचारा. झुवारी नदीतून, साल नदीतून की बाहेरगावाहून, हे बहुतेकदा तिला माहीत असतं. तिने सांगितलेली खाडी आणि मोठं वर्तुळ लावा, टिपणात तसं लिहा. अजिबात पत्ता लागला नाही तर नोंदीच्या गुणवत्ता-तक्त्यात ‘जागा अचूक’ या प्रश्नाला स्वतःच नाही म्हणा. नोंद ‘कॅज्युअल’ गटात जाईल, आणि तिची जागा तीच आहे.

बाजाराच्या जिवंत मालाचा एक फायदा मात्र घ्या. टेगिलार्का आणि अनाडाराच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे उघडल्यावर तांबडं पाणी येतं. कार्डिडीत तसं होत नाही. विळीवर फोडताना पाणी लाल दिसलं तर ते टिपणात लिहा. शिंपल्याच्या खुणांना तो चांगला दुजोरा आहे, आणि नुसत्या फोटोवरून दुसऱ्या कोणाला ते कळणं शक्य नाही.

माणसांकडून ओळख कशी पक्की होते हे समजून घेतलं नाही तर ‘रिसर्च ग्रेड’ हा हिरवा शिक्का दिशाभूल करतो. शिक्का लागतो तो ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जण जातीवर एकमत झाले की. दोघेच असतील आणि दोघांचं एकच मत असेल तर पुरे. तिघांत दोन विरुद्ध एक असेल तर पुरत नाही, कारण ते बरोबर दोन-तृतीयांश होतं, त्याहून अधिक नाही. चारांत तीन लागतात. आता बघा: तुम्ही मशीनने सुचवलेली जाती निवडलीत, कोणी जाणाऱ्या-येणाऱ्याने ‘ॲग्री’ दाबलं, शिक्का लागला. बिजागरी कोणी पाहिलीच नाही. मशीनच्या सूचनेतून आलेल्या ओळखीशेजारी छोटं चिन्ह असतं, दुसऱ्यांच्या नोंदी तुलनेला वापरताना ते आधी पाहा. एखाद्या तज्ज्ञाने तुमच्या नोंदीवर वेगळं नाव दिलं तर कारण विचारा, आणि ते कारण तुमच्या हातातल्या शिंपल्यावर स्वतः पडताळल्यावरच ‘ॲग्री’ दाबा. नम्रतेपोटी दिलेली संमती इथे खोट्या साक्षीसारखी आहे.

मतभेद झाला की ॲप नोंद दोघांच्या सामाईक पूर्वजावर नेऊन ठेवतं. एकाने टेगिलार्का ग्रॅनोसा म्हटलं, दुसऱ्याने टेगिलार्का रॉम्बिया, तर नोंद टेगिलार्का या प्रजातीवर थांबते. पुष्कळ लोकांना हा अपमान वाटतो. मला ही ॲपची सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. घासलेल्या एकट्या झडपेवरून याहून पुढे जाता येतच नसेल, तर प्रजातीवर थांबलेली नोंद ही पूर्ण नोंद आहे.

उत्तर यायला वेळ लागतो. पक्षी किंवा फुलपाखरू टाकलं तर तासाभरात कोणी ना कोणी येतं. शिंपले पाहणारी माणसं त्या मानाने थोडी, नोंद महिनोन्‌महिने ‘नीड्स आयडी’मध्ये, म्हणजे ओळख बाकी असलेल्या गटात, पडून राहू शकते. वेळ कमी करायचा एकच खात्रीचा उपाय आहे: टिपणात कंगोऱ्यांचा आकडा, तीन मापं, बिजागरीचं वर्णन आणि सापडल्याची जागा, म्हणजे चिखल, वाळू की खडक, हे सगळं दोन-तीन ओळींत लिहून ठेवणं. ओळखणाऱ्याला फोटोत मोजत बसावं लागलं नाही की तो पटकन मत देतो. शिवाय ‘जिवंत की मृत’ या खान्यात मृत लावा. रिकाम्या शिंपल्याने त्या दिवशी तिथे प्राणी जिवंत होता असं सिद्ध होत नाही.

याच मंडळींचं सीक नावाचं धाकटं ॲप आहे. ते नेटशिवाय चालतं, खातं लागत नाही, मुलांना घेऊन मिरामारला फिरताना मजा येते. खुब्यांसाठी ते घेऊ नका. ते कॅमेऱ्यातून पाहून नाव सांगतं आणि मोकळं होतं, वाद घालायला माणूस नसतो, बिजागरीचा दुसरा फोटो जोडायची सोय नसते.

जागा लपवायची सोय मुख्य ॲपमध्ये आहे. ‘ऑब्स्क्युअर्ड’ लावलं की खरी जागा न दाखवता सुमारे बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका पडतो. मोठ्या राज्यांत हे चालून जातं, गोव्यात त्या चौकोनात मांडवी आणि झुवारी दोन्ही मुखं मावतात. दोन खाड्यांतल्या शिंपल्यांची तुलना करायची असेल तर अशी नोंद निरुपयोगी. तेव्हा साध्या खुब्या-तिसऱ्यांना ती लावू नका. चिखलीच्या खाडीतल्या खिडकीच्या शिंपल्यांसारख्या, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या परिशिष्टात आलेल्या जातींना मात्र जरूर लावा. जुन्या गोव्याच्या घरांतल्या खिडक्यांना काचेऐवजी हेच शिंपले बसवत, त्यामुळे त्यांच्यावर डोळा ठेवणारे कमी नाहीत. अशा जाती उचलायच्या नसतात, तिथेच फोटो काढायचा. जिवंत खुबाही नुसत्या ओळखीसाठी मारू नये. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरच्या मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, सिरिदांव-बांबोळीच्या बाजूला चिखलाच्या कडेने चाललं तर रिकाम्या जोड्या हव्या तितक्या मिळतात, आणि त्या उघड्या वाळूतल्यांपेक्षा कमी घासलेल्या असतात.

परवाना निवडताना एक खाना नजरेतून सुटतो. डीफॉल्ट परवाना बिगरव्यावसायिक वापराला मुभा देतो. तो तसाच ठेवला तर ‘रिसर्च ग्रेड’ नोंदी जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता-माहितीसाठ्यात जातात. ‘सर्व हक्क राखीव’ केलंत तर जात नाहीत. आपल्या किनाऱ्याच्या नोंदी त्या साठ्यात पोहोचणं मोलाचं आहे, म्हणून ही सेटिंग बदलण्याआधी विचार करा.

आणि शिंपला फेकू नका. वर्षभराने कोणी तज्ज्ञ ‘स्नायूचा मागचा ठसा दाखवा’ म्हणाला तर फोटोत तो नसतो. नोंदीचा क्रमांक, तारीख आणि जागा कागदावर पेन्सिलीने लिहून कागद शिंपल्याबरोबरच पिशवीत घाला. बॉलपेनची शाई गोव्याच्या पावसाळी हवेत पसरते. पेट्या लाकडी किंवा प्लायवूडच्या नकोत: त्यातून निघणारी आम्लाची वाफ दमट हवेत शिंपल्याच्या चुन्यावर चढते आणि वर पांढरी पूड येऊन आधी गाठी जातात, मग कंगोऱ्यांच्या कडा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी पुरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुडी दर महिन्याला बदला.